कमी दिवसांच्या बाळासाठी आईच्या दुधात मिसळायची पुडी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाळ एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात असतं, वॉर्मरवर किंवा काचेच्या पेटीत. आई दर दोन-तीन तासांनी दूध काढून वाटी आत पाठवत असते. आणि एके दिवशी राउंडला डॉक्टर म्हणतात, "आजपासून दुधात फोर्टिफायर घालू." त्या क्षणापासून घरात जे प्रश्न सुरू होतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं सर्वसाधारण आहेत. तुमच्या बाळाचं वजन, आठवडे आणि तब्येत बघून तुमच्या डॉक्टरांनी वेगळं काही ठरवलं असेल, तर तेच करायचं.

फोर्टिफायर म्हणजे नेमकं काय?

आईच्या काढलेल्या दुधात मिसळायची पूड. बहुतेक ठिकाणी ती एक ग्रॅमच्या आसपासच्या छोट्या पुड्यांत, म्हणजे सॅशेत येते. काही देशांत ती द्रवरूपातही मिळते. तिच्यात प्रथिनं, कॅल्शियम, फॉस्फरस, थोडी ऊर्जा, जस्त, सोडियम आणि जीवनसत्त्वं असतात. ती स्वतंत्रपणे पाण्यात कालवून द्यायची नसते. आईचं दूध हाच पाया आणि पुडी ही त्यातली भर, म्हणून दूध नसेल तर पुडीचा काही उपयोग नाही.

म्हणजे माझं दूध पातळ आहे? कसदार नाही?

हा प्रश्न जवळपास प्रत्येक आई विचारते, कोणी मोठ्याने, कोणी नुसत्या चेहऱ्याने. उत्तर स्पष्ट आहे: नाही. तुमच्या दुधात काही खोट नाही.

दिवस पूर्ण भरलेल्या बाळाला आईच्या दुधाचा हिशेब बरोबर बसतो. कमी दिवसांच्या बाळाची गोष्ट वेगळी. अठ्ठाविसाव्या आठवड्याला पोटातलं बाळ साधारण एक किलोचं असतं आणि चाळिसाव्याला तीन किलोच्या आसपास. बारा आठवड्यांत तिप्पट! हाडांत साठणाऱ्या कॅल्शियम-फॉस्फरसपैकी सुमारे 80 टक्के साठा याच शेवटच्या तीन महिन्यांत नाळेतून येतो. बाळ आधीच बाहेर आलं की नाळ तुटते, पण वाढीची ती भूक तशीच राहते.

आता आकडे घेऊ. समजा बाळ 1200 ग्रॅमचं आहे आणि किलोमागे दिवसाला 160 मिली दूध घेतंय. दिवसाचं दूध झालं 192 मिली, दर दोन तासांनी 16 मिली. पहिले दोन-तीन आठवडे सरले की आईच्या दुधात 100 मिलीमागे साधारण 1.1 ग्रॅम प्रथिन असतं. म्हणजे बाळाला किलोमागे दिवसाला 1.8 ग्रॅमच्या आसपास मिळालं. गरज आहे 3.5 ते 4 ग्रॅमची. कॅल्शियम किलोमागे मिळतं 40 ते 48 मिलिग्रॅम, हवं असतं किमान 120. ऊर्जेत मात्र फारसा खड्डा नाही: दुधातून किलोमागे साधारण 107 किलोकॅलरी मिळतात आणि गरज 115 ते 140 ची असते. त्यामुळे "बाळाला कॅलरी कमी पडतायत" हे अर्धंच खरं आहे. मोठी तूट प्रथिनांची आणि हाडांच्या खनिजांची असते.

गंमत अशी की कमी दिवसांत बाळंत झालेल्या आईच्या दुधात सुरुवातीला प्रथिनं जास्तच असतात. शरीर आपल्या परीने भरपाई करतं. पण दोन ते चार आठवड्यांत ते प्रमाण उतरतं आणि बाळ तोवर किलो-दीड किलोचंच असतं.

मग दूधच जास्त का देत नाही? पुडी कशाला?

वरच्याच बाळाचं गणित पुढे नेलं तर नुसत्या दुधातून पुरेसं प्रथिन मिळायला किलोमागे 320 मिलीच्या पुढे दूध लागेल, म्हणजे आताच्या दुप्पट. एवढं पाणी लहानग्या फुप्फुसांना आणि हृदयाला झेपत नाही, पोटालाही नाही. श्वासाचा त्रास असलेल्या किंवा हृदयाजवळची नळी अजून बंद न झालेल्या बाळाला तर डॉक्टर उलट पाणी मोजून देतात.

मात्र बाळ दीड किलोच्या पुढचं असेल, श्वास ठीक असेल, पोट साथ देत असेल, तर काही डॉक्टर आधी दूध किलोमागे 180 ते 200 मिलीपर्यंत वाढवून बघतात आणि पुडी टाळतात. तोही योग्य मार्ग आहे. शेजारच्या बाळाला पुडी दिली आणि आपल्याला नाही, म्हणून हयगय झाली असं समजू नका.

कोणत्या बाळांना द्यावी लागते?

ढोबळमानाने 32 आठवड्यांच्या आत जन्मलेली किंवा जन्माचं वजन दीड किलोपेक्षा कमी असलेली बाळं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 च्या शिफारशीत भाषा मुद्दाम सावध आहे: कमी दिवसांच्या किंवा कमी वजनाच्या सगळ्याच बाळांना सरसकट पुडी नको, या लहान गटात तिचा विचार करावा. पस्तिसाव्या आठवड्याला झालेलं, दोन किलोचं, अंगावर पिणारं बाळ असेल तर पुडीचा विषय सहसा येतच नाही.

दीड ते 1.8 किलोच्या मधल्या बाळांबाबत डॉक्टरांमध्ये मतभेद दिसतात. तिथे पाठ्यपुस्तकापेक्षा त्या बाळाचा वजनाचा तक्ता महत्त्वाचा.

कधी सुरू करतात? पहिल्या दिवसापासून का नाही?

पहिले दिवस चिकाचे. ते थेंब-थेंब, कशाचीही भेसळ न करता द्यायचे असतात. मग दूध हळूहळू वाढवत नेतात. किलोमागे दिवसाला 50 ते 100 मिली दूध पोटात टिकायला लागलं की पुडी सुरू होते. नेमका आकडा प्रत्येक एनआयसीयूचा आपापला असतो. काही ठिकाणी आधी एक-दोन दिवस अर्ध्या प्रमाणात देऊन बघतात.

ही पुडी कशापासून बनते? गायीच्या दुधाची असते का?

बहुतेक पुड्यांतलं प्रथिन गायीच्या दुधातलंच असतं, प्रक्रिया केलेलं. काहींत ते आधीच बारीक तुकड्यांत फोडलेलं असतं, म्हणजे पचायला सोपं जातं. घरात आधीच्या मुलाला गायीच्या दुधाची खरीखुरी ॲलर्जी झाली असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.

सगळ्या कंपन्यांच्या पुड्या सारख्या नसतात. 100 मिलीमागे प्रथिन किती वाढतं, लोह आहे की नाही, एक पुडी किती दुधाला, हे सगळं बदलतं. म्हणून दुकानदाराने "हीच समजा, फक्त कंपनी वेगळी" म्हणून दुसरी हातावर ठेवली, तर वॉर्डात विचारल्याशिवाय उघडू नका.

माणसाच्या दुधापासून बनवलेले फोर्टिफायरही जगात आहेत. फार महाग. आईचं किंवा दात्या आईचंच दूध पिणाऱ्या बाळांमध्ये गायीच्या दुधाच्या फोर्टिफायरपेक्षा ते ठळकपणे सरस ठरतात, असं कॅनडा आणि स्वीडनमधल्या चाचण्यांत दिसलं नाही. आपल्याकडे मानवी दुधाचा व्यापार हाच वादाचा विषय आहे. मे 2024 मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, मानवी दूध आणि त्यापासूनच्या पदार्थांच्या विक्रीला कायद्यात परवानगी नाही, असं स्पष्ट सांगितलं. तेव्हा "परवडत नाही म्हणून बाळाला दुसऱ्या दर्जाचं देतोय" ही टोचणी मनात ठेवू नका.

पुडी मिसळायची कशी? सिस्टर करतात, पण आम्हालाही शिकायचं आहे.

शिकाच, आणि निदान दोनदा सिस्टरसमोर करून दाखवा. आपल्याकडच्या बऱ्याच पुड्यांचं माप "25 मिलीला एक" असं असतं. ते पाकिटावर वाचायचं, आठवणीवर विसंबायचं नाही.

हात कोपरापर्यंत साबणाने धुवायचे. बांगड्या, अंगठ्या, घड्याळ आधीच काढलेलं. उकळून घेतलेल्या स्टीलच्या वाटीत सिरिंजने मोजून 25 मिली दूध घ्यायचं. वाटीवरच्या रेघेवर किंवा नजरेच्या अंदाजावर जायचं नाही. दूध फ्रिजमधलं असेल तर वाटी कोमट पाण्याच्या भांड्यात थोडा वेळ ठेवायची, पाणी काठावरून आत जाणार नाही एवढ्या बेताने. मायक्रोवेव्ह नाही, गॅस तर नाहीच. पुडी उघडण्याआधी टिचकी मारून पूड खाली आणायची, कारण एक ग्रॅममधली थोडी जरी कोपऱ्यात अडकून राहिली तरी माप चुकतं. ओतली की वाटी हलकेच गोल फिरवायची. फेस येईल असं घुसळायचं नाही. गुठळी दिसली तर निर्जंतुक चमच्याने मोडायची.

आता खरी अडचण: बाळाला एका वेळी 16 मिलीच हवं आहे. मग पुडीतला थोडा भागच घालायचा का? नाही. अंगठ्याने चिमटून पुडीचे भाग करू नयेत. पुढच्या दोन-तीन वेळांचं मिळून 25 किंवा 50 मिली एकदम तयार करतात, झाकतात, त्यावर नाव, तारीख, वेळ लिहितात आणि फ्रिजच्या आतल्या बाजूला ठेवतात, दारात नाही. त्यातून दर वेळी लागेल तेवढंच काढायचं. एकदा पुडी मिसळलेलं दूध फ्रिजमध्येही 24 तासांच्या पुढे वापरायचं नाही. बाळासाठी बाहेर काढून उरलेलं फेकायचं. जीव तुटतो, पण फेकायचं.

इतकी घाई का, तर दोन कारणांसाठी. पूड निर्जंतुक नसते. क्वचित तिच्यात क्रोनोबॅक्टरसारखे जंतू असू शकतात आणि उबेत ते वाढतात. दुसरं म्हणजे आईच्या दुधातली पाचक द्रव्यं पुडीतल्या पिठूळ साखरेला फोडत राहतात, त्यामुळे वेळ जाईल तसा दुधाचा दाटपणा, डॉक्टरांच्या भाषेत ऑस्मोलॅलिटी, वाढत जातो. आईचं दूध मुळात 300 च्या आसपास असतं आणि पुडी घातल्यावर ते 450 च्या वर जाऊ नये असा संकेत आहे. म्हणूनच त्याच दुधात आणखी औषधाचे थेंब मिसळायचे तर आधी विचारायचं.

दोन पुड्या घातल्या तर वजन लवकर वाढेल ना?

नाही. पोट बिघडेल.

पुडी सुरू झाल्यापासून पोट फुगल्यासारखं वाटतं. बंद करावी का?

स्वतःहून बंद करू नका आणि सांगायलाही उशीर करू नका. शी थोडी घट्ट होणं, दिवसाआड होणं, थोडं कुंथणं हे पुडीनंतर दिसतं आणि बहुतेकदा निभावतं. पण हिरवी उलटी, शीमध्ये रक्त, ताणलेलं चकचकीत पोट, बाळ मलूल पडणं, मध्येच श्वास थांबणं, यांतलं काहीही दिसलं तर ती आतड्याच्या गंभीर दाहाची, एनईसीची, सुरुवात असू शकते. दूध थांबवून लगेच तपासणी होते.

पुडीमुळेच एनईसी होते का? आजवरच्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या तर पुडीमुळे हा धोका वाढल्याचं दिसत नाही. पावडरचं दूध म्हणजे फॉर्म्युला देण्याने मात्र, आईच्या किंवा दात्या आईच्या दुधाच्या तुलनेत, धोका नक्की वाढतो. आईच्या दुधावर एवढा भर देण्यामागचं मोठं कारण हेच.

रोज किती वजन वाढायला हवं?

आधी घटेल. पहिल्या आठवड्यात जन्मवजनाच्या दहा टक्के, कधी थोडं जास्तही, आणि दहा ते चौदा दिवसांत भरून येईल. त्यानंतर अपेक्षा किलोमागे दिवसाला 15 ते 20 ग्रॅमची. म्हणजे 1200 ग्रॅमच्या बाळाला 18 ते 24 ग्रॅम.

पण एका दिवसाच्या काट्यावर जाऊ नका. शी आधी झाली की नंतर, सलाइनची पट्टी होती की नव्हती, एवढ्यानेही 20 ग्रॅम इकडचे तिकडे होतात. आठवड्याची सरासरी बघा. आणि डोक्याचा घेर विचारा! आठवड्याला साधारण एक सेंटिमीटर वाढावा, लांबीही तेवढीच. नातेवाईक फोनवर फक्त वजन विचारतात. डोक्याचा घेर कोणी विचारत नाही, आणि मेंदूची वाढ तर तिथेच दिसते. एनआयसीयूत हे आकडे फेंटन किंवा इंटरग्रोथ-21 नावाच्या वाढीच्या तक्त्यावर मांडतात. तो तक्ता तुम्हाला दाखवायला सांगा. तुमचा तो हक्क आहे.

पुडी देऊनही वजन वाढत नसेल तर?

पुडीला दोष देण्याआधी साध्या गोष्टी तपासतात. बाळ गार पडतंय का? गार पडलेलं बाळ सगळी ऊर्जा ऊब राखण्यात खर्च करतं. पुडी खरंच दर वेळी घातली जाते का? दुधातलं स्निग्ध नळीला आणि सिरिंजला चिकटून राहतं का? पंपावरून सावकाश दूध सोडताना हे फार होतं. सिरिंजचं तोंड वरच्या बाजूला ठेवलं की वर तरंगणारं स्निग्ध आधी जातं. मग जंतुसंसर्ग, रक्त कमी असणं, सोडियम कमी असणं. हे सगळं ठीक असेल तर रक्तातला युरिया बघून (प्रथिन पुरतंय का याचा अंदाज त्यावरून येतो) प्रथिनाचं प्रमाण वाढवतात. काही मोठ्या केंद्रांत आईचं दूध यंत्रावर तपासून त्याप्रमाणे भर घालतात, पण ती सोय फार थोड्या ठिकाणी आहे आणि तिच्याविना अडत नाही.

घरची मंडळी म्हणतात, सहाणेवर बदाम-खारीक उगाळून द्या, तीच आपली पुडी.

आजीचा हेतू सोन्यासारखा आहे, पण उत्तर ठाम आहे: नाही.

सहाण डोळ्यासमोर आणा. दगड सच्छिद्र, त्यावर कालचं वेखंड, परवाची हळकुंडाची रेघ, वरून माठातलं पाणी. दोन वळसे बदामाचे, चार खारकेचे. त्यातून बाळाला मिळणारं प्रथिन नगण्य. जंतू मात्र भरपूर. 1200 ग्रॅमच्या बाळाच्या आतड्याचं अस्तर अजून तयार होत असतं, तिथे ही बाळगुटी थेट रक्तापर्यंत संसर्ग पोचवू शकते. मधाचं बोट तर एक वर्षापर्यंत कुठल्याच बाळाला नको. आजीला काम हवंच असेल तर बाळाला कांगारू पद्धतीने छातीशी धरायला सांगा. आईला दोन तास झोप मिळते आणि बाळाला ऊब. बाळसं त्याने जास्त लवकर धरेल.

मीच डिंकाचे लाडू, हळिवाची खीर, शतावरी घेतली तर दूध घट्ट होईल ना?

लाडू खुशाल खा. बाळंतिणीला ताकद हवी, भूक भागायला हवी, आणि हळिवात लोह आहेच. पण आईच्या आहाराने दुधातलं प्रथिन किंवा कॅल्शियम फारसं बदलत नाही. कॅल्शियम कमी पडलं तर शरीर ते आईच्या हाडांतून काढून दुधात घालतं.

बदलतात ते वेगळे घटक: बी-12, आयोडीन, अ आणि ड जीवनसत्त्व, स्निग्धाचा प्रकार. घरात काटेकोर शाकाहार असेल, दूध-दहीही कमी असेल, तर आईचं बी-12 तपासून घेणं हे डझनभर लाडवांपेक्षा मोलाचं. आणि बाळंतिणीला पाणी कमी द्यायचं, ताक-भाज्या बंद करायच्या, ही पथ्यं सोडून द्या.

चमचाभर साखर, तूप किंवा खोबरेल तेल घातलं तर?

नको. साखरेने दाटपणा वाढतो. तेल-तुपाने कॅलरी वाढतात, प्रथिन शून्य, म्हणजे ज्याची तूट आहे ते मिळतच नाही. शिवाय तेल वेगळं तरंगतं आणि श्वासनलिकेत गेलं तर फुप्फुसाला वाईट दुखापत करतं. एनआयसीयूत क्वचित विशिष्ट तेल मोजून देतात, ते घरचं काम नव्हे.

एका डॉक्टरांनी पुडीऐवजी कमी दिवसांच्या बाळांचं पावडर दूध आईच्या दुधात मिसळायला सांगितलं. हे चुकीचं आहे का?

चुकीचं नाही. भारतात अनेक ठिकाणी हे होतं, मुख्यतः खर्चामुळे. दिल्लीच्या एम्समध्ये यावर चाचणी झाली आणि 2021 मध्ये प्रसिद्ध झाली. वजनवाढीत पावडर दूध पुडीपेक्षा कमी पडलं नाही आणि दूध न पचण्याच्या तक्रारी उलट कमी होत्या. मात्र ती विशिष्ट "प्रीटर्म" पावडर होती, रुग्णालयात, ग्रॅमात मोजून. किराणा दुकानातल्या साध्या डब्यातला चमचा भुरभुरणं म्हणजे ते नव्हे.

आईचं दूध अजून येत नाही. दूधपेढीच्या दुधात पुडी घालतात का?

हो, आणि तिथे गरज जास्तच असते. दात्या आया बहुधा पूर्ण दिवसांच्या आणि बाळंतपणाला काही आठवडे-महिने झालेल्या असतात, त्यामुळे त्यांच्या दुधात प्रथिन कमी. वर ते 62.5 अंशांवर 30 मिनिटं तापवतात, त्यात दुधातली काही पाचक आणि संरक्षक द्रव्यं जातात. तरीही पावडर दुधापेक्षा ते बरं.

आशियातली पहिली मानवी दूधपेढी आपल्या मुंबईतली. डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी ती 1989 मध्ये सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात सुरू केली. आज अनेक मोठ्या सरकारी रुग्णालयांत अशी केंद्रं आहेत. शेजारणीने मायेने दिलेलं दूध मात्र तपासणीविना एनआयसीयूतल्या बाळाला देऊ नका.

माझं दूध कमी येतंय. पुडी वाढवून भागेल?

भागणार नाही, पुडीला दूधच हवं. बाळंतपणानंतर पहिल्या काही तासांतच हाताने चीक काढायला सुरुवात करावी, मग दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा. रात्रीची एक वेळ अजिबात चुकवायची नाही, कारण दूध वाढवणारं संप्रेरक तेव्हाच जास्त असतं. पंप असला तरी शेवटी दोन मिनिटं हाताने काढा. आणि कांगारू केअर: जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 8 ते 24 तास सांगते. एवढं प्रत्येकीला जमत नाही, जमेल तेवढं करा. कांगारू केअरनंतर लगेच दूध काढलं तर बहुतेकींना फरक जाणवतो.

याउलट दूध भरपूर असेल तर एक युक्ती आहे. सुरुवातीचं दूध वेगळ्या वाटीत काढायचं आणि शेवटचं, साय आल्यासारखं दिसणारं, बाळाला आधी द्यायचं. त्यात स्निग्ध दुप्पट-तिप्पट असतं. पण हे कॅलरींसाठी. प्रथिनांची तूट त्याने भरत नाही, म्हणून पुडीची जागा ते घेत नाही.

लोह आणि ड जीवनसत्त्वाचे थेंब वेगळे का द्यायचे? पुडीत सगळं असतं ना?

असतं, पण पुरेसं असेलच असं नाही. लोह साधारण दोन ते चार आठवड्यांपासून किलोमागे 2 ते 3 मिलिग्रॅम, ड जीवनसत्त्व दिवसाला 400 युनिट किंवा डॉक्टर सांगतील तेवढं. पुडीतलं प्रमाण वजा करून डोस ठरतो, म्हणून कुठली पुडी चालू आहे ते लिहून ठेवा. मध्येमध्ये रक्तात फॉस्फरस आणि अल्कलाइन फॉस्फटेज बघतात. फॉस्फरस खाली आणि दुसरं वर गेलं की हाडं ठिसूळ होत असल्याची शंका येते. मुडदुसासारखाच प्रकार, फक्त फार लवकरचा.

जुळी आहेत. एक 1300 ग्रॅम, दुसरी 1750. दोघींना सारखंच द्यायचं?

निर्णय वेगवेगळा. मोठीला कदाचित पुडी लागणारच नाही. दुधाच्या वाट्यांवर नावाची पट्टी न विसरता लावा. ताजं दूध कमी असेल तर ते आधी धाकटीला.

खर्च किती आणि कोण करणार?

सरकारी रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली आजारी बाळाचे उपचार, औषधं, तपासण्या एक वर्षापर्यंत मोफत आहेत. पुडी आत उपलब्ध नसेल आणि बाहेरून आणायला सांगितली तर आधी एसएनसीयूच्या, म्हणजे सरकारी रुग्णालयातल्या आजारी नवजात बाळांच्या विभागाच्या, प्रभारी डॉक्टरांशी बोला. खासगीत बिलात ती वेगळी लागते. पुडीचं नाव इथे मुद्दाम दिलेलं नाही. 1992 चा कायदा, 2003 मध्ये दुरुस्त झालेला, बाळाच्या दूधपर्यायांची जाहिरात आणि फुकट नमुने वाटणं यांना बंदी करतो. वॉर्डात कोणी कंपनीची पिशवी हातात देत असेल तर घेऊ नका.

पुडीने बाळ पुढे हुशार होईल का?

एवढा दावा कोणी करू नये. रुग्णालयात असताना वजन, लांबी आणि डोक्याचा घेर थोडा जास्त वाढतो हे चाचण्यांत दिसलंय. वजनातला फरक किलोमागे दिवसाला दोन ग्रॅमपेक्षा किंचित कमी, चमत्कार वाटावा असा नाही. पुढच्या वर्षांतल्या बुद्धीवर परिणाम होतो असं ठामपणे सिद्ध झालेलं नाही. माझं मत विचाराल तर पुडी द्यावी, कारण त्या आठवड्यांत हाडं आणि स्नायू उपाशी ठेवणं कोणालाच मान्य नसावं. पण ज्या एनआयसीयूत पुडी चोख मिळते आणि आईला मात्र दिवसातून दोनदाच आत सोडतात, तिथे उलटं प्राधान्य चाललंय असं मी म्हणेन.

किती दिवस द्यायची? घरी गेल्यावरही?

बहुतेक ठिकाणी 1.8 ते 2 किलो होईपर्यंत किंवा बाळ अंगावर नीट प्यायला लागेपर्यंत. घरी सरसकट चालू ठेवण्याला फारसा आधार नाही आणि तोटा उघड दिसतो: आई पुडीसाठी दूध काढत बसते आणि अंगावर पाजणं मागे पडतं. अजून फारच लहान असलेल्या, तक्त्यावर घसरलेल्या बाळांना दिवसातून दोन-तीन वेळाच पुडीचं दूध वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने देतात आणि बाकी अंगावर. बाटली नको. वाटी, चमचा, बोंडलं रोज उकळायचं. बोंडल्याच्या चोचीत दुधाची पापडी अडकून राहते, ती आधी काढायची.

डिस्चार्ज कार्डावर काय लिहून घ्यायचं?

जन्माचे आठवडे आणि वजन. आजचं वजन, लांबी, डोक्याचा घेर. पुडी चालू असेल तर नाव, किती मिलीला एक, दिवसातून किती वेळा आणि कोणत्या वजनाला बंद करायची. लोह आणि ड जीवनसत्त्वाचे थेंब मिलीमध्ये, कारण दोन कंपन्यांच्या बाटल्यांत ताकद वेगळी असते. फॉस्फरसची पुढची तपासणी कधी. डोळ्यांच्या पडद्याची आणि कानाची तपासणी झाली की व्हायची आहे. पहिली फेरी आठवड्याच्या आत. आशाताई घरी येतील तेव्हा त्यांना हेच कार्ड दाखवा आणि वजन त्याच पानावर लिहायला सांगा.